पोत धाग्याच्या आधीचा

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत, की ते एकदा उच्चारले म्हणजे पुढचा विचार करण्याची गरज उरत नाही. 'पोत' हा त्यांपैकी एक. कवितेचा पोत, गद्याचा पोत, अनुभवाचा पोत, बोलीचा रांगडा पोत. गेली पंधरा-वीस वर्षे आम्ही हा शब्द वर्गात वापरतो, निबंधांत लिहितो आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो आला की समासात समाधानाने बरोबरची खूण करतो. मागे एम.ए.च्या तोंडी परीक्षेत एका विद्यार्थिनीने तो दहा मिनिटांत तीनदा वापरला, तेव्हा आमच्यापैकी एकाने सहज विचारले, "पोत म्हणजे नेमके काय?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, शब्द तुमच्याच टिपणांतला आहे. मला वाटलं, अर्थ तुम्ही सांगाल." आम्ही तिघेही हसलो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. त्या हसण्यात अडचणीतून सुटका करून घेण्याचा भाग अधिक होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

शब्द कापडाच्या व्यवहारातला आहे, एवढे आम्हांला ठाऊक होते. दुकानदार ठाण उलगडतो, गिऱ्हाईक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापड धरून चोळून पाहते आणि पोत चांगला की वाईट ते ठरवते. समीक्षेने हा शब्द तेथून उचलला. चोळून पाहणारी बोटे मात्र दुकानातच राहिली. परिणामी आमच्या लेखनात 'पोत' म्हणजे शैली, लय, वातावरण, बोली, किंवा यांपैकी काहीच सांगता आले नाही की जे उरते ते, असा त्याचा वापर होऊ लागला.

याच सुमारास आमची एक जुनी विद्यार्थिनी इंग्लंडहून सुट्टीवर आली होती. गेली काही वर्षे ती यॉर्कशरमध्ये राहते आणि तिथे चरखा शिकली आहे. विभागात येताना तिने पेढ्यांच्या खोक्याबरोबर आणखी एक पुडके आणले. उघडले, तर आत लोकरीची वळकटी होती. सूत नव्हे, कापड नव्हे. नुसती पिंजलेली, रंगवलेली लोकर, एका जाड मऊ थराच्या रूपात गुंडाळलेली. इंग्रजीत या थराला 'बॅट' म्हणतात. क्रिकेटशी त्याचा संबंध नाही. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत हाताने सूत कातणारी आणि नमदा करणारी मंडळी असे थर विकत घेतात आणि बहुधा घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रिया ते बनवतात. वजन साधारण पन्नास ते शंभर ग्रॅम. या वळकटीत गर्द निळा, मोरपिशी, मध्येच गंजासारखा तांबूस असे रंग पदरापदराने बसलेले होते. कुठे वेन्स्लीडेल जातीच्या मेंढीच्या लांब कुरळ्या बटा तशाच बाहेर डोकावत होत्या, कुठे विंचरताना उरलेल्या आखूड तंतूंच्या गुठळ्या होत्या, कुठे रेशमाचे चमकते तुकडे. सोबतच्या चिठ्ठीवर घटकांची यादी होती आणि तीत 'सारी सिल्क' असा एक घटक होता. म्हणजे आपल्याकडच्या साड्यांचे टाकाऊ रेशीम समुद्र ओलांडून गेले होते आणि आता पाहुणे होऊन परत आले होते.

हा थर कसा तयार होतो, ते तिने आम्हांला सविस्तर सांगितले. कातरलेली लोकर कोमट साबणपाण्यात धुवायची, पण चोळायची नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात; उष्णता, ओलावा आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आक्रसून घट्ट होते. नमदा याच गुणावर होतो. पण तो धुताना झाला तर कातायला काही उरत नाही, कारण एकदा जमलेली लोकर पुन्हा सुटी होत नाही. मग रंग. लोकरीला आम्लयुक्त रंग चढतात. पाण्यात व्हिनेगर घालून उकळीच्या जरा खाली तापवायचे आणि भांडे आपोआप निवू द्यायचे. हाताने ओतलेला रंग सगळीकडे सारखा बसत नाही, एकाच मुठीत गडद आणि फिकट छटा येतात, आणि बनवणारीला त्याच हव्या असतात. त्यानंतर पिंजणे. बारीक तारांचे दात लावलेली एक मोठी आणि एक छोटी अशी दोन पिंपे असलेले हाताने फिरवायचे यंत्र असते. छोटे पिंप लोकर आत घेते, मोठे तिला ओढून आपल्या दातांवर पसरवते. पिंप भरले, की एका जागी थर तोडून तो अखंड उचलून काढायचा.

येथवर आम्ही पाहुण्यांच्या हस्तकलेचे कौतुक करावे तसे ऐकत होतो. मग ती एक साधे वाक्य बोलली आणि आम्ही सावध झालो. ती म्हणाली, "मॅडम, यात सगळं कौशल्य थांबण्यात आहे." हा थर यंत्रातून एकदा काढला, तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, दोनदा काढला, तर ते एकमेकांच्या कडांवर मिसळतात, पाच-सहा वेळा काढला, तर लाल, हिरवा, निळा सगळे मिळून एक मातकट करडा रंग होतो. गुठळ्या मोडतात, बटा विस्कटतात, रेशीम लोकरीत हरवते. लोकर तीच, वजन तेच, एकही तंतू कमी झालेला नाही. पण पोत गेला. आणि तो एकदा गेला, की कातणारी कितीही कुशल असली तरी तिला तो परत आणता येत नाही. ती फार तर बारीक किंवा जाड, पिळदार किंवा सैल सूत काढील.

म्हणजे पोत धाग्याच्या आधी ठरतो. आमच्या समीक्षेची सारी रूपके मात्र धाग्यापासून सुरू होतात. कथानकाचे धागेदोरे, ताणाबाणा, वीण, गुंफण, गुंता, उकल. धागा आधीच तयार आहे, लेखक तो फक्त विणतो, असे आम्ही गृहीत धरतो. त्या धाग्यात काय-काय मिसळले, कोणत्या लांबीचे तंतू ठेवले, कोणते फेकले, कितीदा पिंजले आणि कुठे हात थांबवला, हे प्रश्न आम्ही विचारतच नाही.

या संदर्भात मराठीतली दोन क्रियापदे शेजारी ठेवून पाहावीत : विंचरणे आणि पिंजणे. लोकर विंचरली, की लांब तंतू एका दिशेने समांतर बसतात आणि आखूड तंतू कंगव्यात राहून बाजूला पडतात. सूत गुळगुळीत आणि चमकदार निघते. लोकर पिंजली, की लांब-आखूड सारे तंतू एकत्र राहतात, वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून; सूत फुगीर, हवा धरणारे, उबदार होते. दोन्ही रीती चांगल्या आहेत, दोहोंचे उपयोग वेगळे आहेत. पण यंत्रयुगाने एकसारखेपणा हाच सर्व सुतांचा गुण मानला. लुईस पॉलने १७४८ साली पिंजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आर्कराइटने १७७५ साली आपले घेतले, आणि गिरणीला हवा असलेला सलग, कुठेही जाड-बारीक न होणारा पेळू हे लोकरीचेही ध्येय झाले. त्याविरुद्धची कुरकूर रंगापासून सुरू झाली. पर्किनने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग केला. त्यानंतर वीसेक वर्षांच्या आत विल्यम मॉरिस लीक येथील थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत नीळ आणि मंजिष्ठ यांच्या पिंपांत हात बुडवून जुने रंगकाम शिकत होता. एथेल मेरे हिने १९१६ साली वनस्पतिजन्य रंगांवर पुस्तक लिहिले. ही तीच बाई, जी आनंद कुमारस्वामींची पहिली पत्नी म्हणून त्यांच्याबरोबर सिलोनात राहिली होती. आजचे हे हाताने रंगवलेले, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले थर त्याच परंपरेच्या शेवटच्या टोकाला आहेत, असे म्हणता येईल.

हे सारे सांगून आम्हांला एक सोयीस्कर निष्कर्ष काढता आला असता. खडबडीत ते खरे, गुळगुळीत ते खोटे. प्रमाणभाषा म्हणजे गिरणी, बोली म्हणजे हस्तकला. असा लेख लिहायला एक संध्याकाळ पुरली असती. तो आमच्याकडून लिहिला गेला नाही, याचे श्रेय तोंडी परीक्षेतल्या त्याच विद्यार्थिनीला आहे. ती माणदेशातली, धनगर घरातली. ती वळकटी टेबलावर असताना ती काही कामासाठी विभागात आली. आम्ही मोठ्या उत्साहाने तिला ती दाखवली. तिने लोकर हातात घेतली, दोन बोटांनी थोडी ओढून पाहिली, एक गुठळी नखाने टिपली आणि म्हणाली, "रंग चांगला आहे. पण असा पेळू आजीपुढे ठेवला असता, तर तिनं परत पिंजायला लावला असता."

या एका वाक्याने आमच्या लेखाचे घोंगडे भिजत पडले.

हा वाक्प्रचार मराठी वृत्तपत्रांत रोज येतो. भिजलेले घोंगडे किती जड होते आणि किती दिवस वाळत नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे अशांची संख्या मात्र घटत चालली आहे. दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी, जाड आणि केसाळ. मेरिनोच्या उत्तम लोकरीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, तर हिचा तिसाच्या बराच वर. या लोकरीचे सूत चातीवर किंवा चरख्यावर निघते, त्याला चिंचोक्याची खळ देतात आणि खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. ते काम सणगरांचे आणि खुटेकर धनगरांचे. न विणता, लोकर थापून आणि दाबून केलेले जेन आणि बुरणूस हेही याच प्रदेशातले. आज मेंढ्या कातरण्याची मजुरीसुद्धा लोकरीच्या किमतीतून सुटत नाही, म्हणून पुष्कळदा ती टाकून दिली जाते. हे फक्त आपल्याकडचे नाही. २०२० साली ब्रिटनमध्येही भाव इतके कोसळले, की काही शेतकऱ्यांनी लोकर जाळली किंवा खतात घातली. फरक एवढाच, की तिथे त्याच लोकरीचा मूठभर हिस्सा रंगून, पिंजून, 'पोत' या नावाने चांगल्या किमतीला विकला जातो.

पण त्या आजीला खडबडीतपणा नको होता, हे आमच्या लक्षात आले नव्हते. तिची लोकर मुळात राठ होती. त्या राठ लोकरीतून जितके सारखे सूत काढता येईल तितके ते काढणे हे तिचे कौशल्य होते. गुठळी राहिली तर ताणा मागावर तुटतो. तुटलेला ताणा जोडण्यात दिवस जातो आणि दिवसाची मजुरी बुडते. यॉर्कशरच्या बाईंनी गुठळी ठेवली ती ठरवून. माणदेशातल्या आजीने गुठळी काढली तीही ठरवूनच. दोघींच्या निर्णयामागे आपापल्या सामग्रीची पक्की जाण होती. आम्ही मात्र एकीच्या निर्णयाला कला म्हणत होतो आणि दुसरीच्या श्रमाला निसर्ग.

आता ग्रामीण आणि दलित साहित्यावरची आमची नेहमीची वाक्ये आठवावीत. 'मातीचा गंध असलेली भाषा', 'रांगडा पोत', 'अनघड सौंदर्य'. ही स्तुती आहे असे आम्हांला वाटत आले. वस्तुतः ती लेखकाच्या हातातले काम काढून घेण्याची रीत आहे. जणू हा पोत त्या माणसाच्या अंगावर होताच, त्याने फक्त तो कागदावर झटकला.

काही ठळक उदाहरणांनी हे तपासता येईल. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) धनगरांच्याच वस्तीची कादंबरी. तिच्यात निवेदन करणारा तरुण मास्तर काटकसरीच्या प्रमाण मराठीत बोलतो आणि वस्तीतली माणसे आपल्या बोलीत. दोन रंग शेजारी आहेत, एकमेकांत विरघळलेले नाहीत. मास्तर त्या वस्तीत राहतो, तरी तिचा होऊन जात नाही, हे कथानकाइतकेच या पिंजण्याने सांगितले आहे. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'त (१९७१) नारबाचे सगळे निवेदनच बोलीत आहे. तिथे दुसरा रंग नाही. न रंगवलेल्या काळ्या लोकरीसारखा तो एकाच कातरणीचा ऐवज आहे, आणि म्हणूनच शेतात यंत्र येते तेव्हा त्याला सामोरे जायला वाचकाला नारबाच्या भाषेबाहेर पाऊल ठेवायची जागा मिळत नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठ्या'त (१९७२) मुंबईच्या रस्त्यावरचे शब्द, ग्रांथिक शब्द, शिव्या, घोषणा एकाच थरात आहेत, पण त्यांच्या बटा विस्कटलेल्या नाहीत. त्या जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत, आणि वाचणाऱ्याच्या हाताला त्या टोचाव्यात हीच अपेक्षा आहे. या तिन्ही पुस्तकांना 'रांगडा पोत' हे एकच विशेषण लावले, तर आपण तिघांनाही सहा वेळा यंत्रातून काढले असे होईल.

आमच्या मते, 'पोत' हा शब्द समीक्षेने टाकून देऊ नये. पण तो वापरणाऱ्याने निदान तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. या लेखनात कोणकोणते तंतू आहेत? ते कुठवर मिसळले आहेत? आणि लेखकाने हात कुठे थांबवला आहे, व का? ही उत्तरे देता येत नसतील, तर तो शब्द गिळावा.

या आग्रहामागे एक जुने शल्य आहे. त्याच विद्यार्थिनीने दोन वर्षांपूर्वी विभागाच्या वार्षिकासाठी आजीच्या लोकरकामावर छोटा लेख दिला होता. आम्ही तो 'सुधारला'. तिने लिहिले होते, 'आजी चातीवर सूत काढायची.' आम्ही केले, 'आजी सूतकताई करीत असे.' तिने लिहिले होते 'चिंचोक्याची खळ'. आम्ही केले 'नैसर्गिक चिकट पदार्थ'. 'मेंढरं'च्या 'मेंढ्या' झाल्या. शुद्धलेखनाच्या चुका काढायलाच हव्या होत्या आणि काही वाक्ये खरोखरच तुटक होती; तेवढे पिंजणे आवश्यक होते. पण आम्ही थांबलो नाही. छापून आलेला लेख निर्दोष होता आणि कोणाही विद्यार्थ्याचा असू शकला असता. आम्ही ढेऱ्यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' शिकवतो, सोंथायमरांचे धनगरांच्या दैवतांवरील संशोधन सांगतो, धनगरी ओव्यांवर प्रश्न काढतो, आणि ज्या घरातून हे सारे आले त्या घरातला 'खळ' हा शब्द समोर आला, तेव्हा आम्हांला तो बदलावासा वाटला. तिने त्या वेळी काही तक्रार केली नाही. तोंडी परीक्षेत मात्र, आमच्याच टिपणांतला शब्द तिने आम्हांला परत केला.

यंदाच्या वार्षिकात तो लेख पुन्हा छापायचे ठरले आहे. तिच्या मूळ हस्तलिखितावर तिघांनी बसून, प्रत्येक दुरुस्ती तिला विचारून, नव्याने संपादन केले. आमच्या पस्तीस दुरुस्त्यांपैकी तिने अकरा मान्य केल्या. त्यांत एक अशी होती, जी आम्ही संकोचाने सोडून दिली होती आणि तिनेच सुचवली. ती म्हणाली, हे वाक्य माझ्याकडूनच गुठळी राहून गेलंय, ते नीट करू या. एका ठिकाणी ती आणि आम्ही अजून सहमत नाही. तो मजकूर तिच्या म्हणण्याप्रमाणे जाईल.

वळकटी अजून विभागाच्या कपाटात आहे. लोकरीला कसर लागते, म्हणून तिच्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवला आहे. ती कातावी की तिचा नमदा करावा, यावर आमच्यात मतभेद आहेत. तूर्त नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला ती वर्गात न्यायची आणि 'पोत' या शब्दावर बोलण्यापूर्वी प्रत्येकाच्या हातात द्यायची, एवढे ठरले आहे. मराठी शिकवणाऱ्या आमच्या मित्रांनीही आपल्या परिसरात मिळेल ती लोकर, कापूस, अंबाडी, जे असेल ते एकदा वर्गात न्यावे. निदान, पोत म्हणजे काय, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला, तर हसून वेळ मारून नेण्याची पाळी येणार नाही.